वय, वजन आणि औषध : एका हिशेबाचा इतिहास

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांस बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही ऊसतोड कामगारांची मजुरी, मुकादमाची उचल आणि काटामारी यांवर बोलू. त्यांत त्यांची चूक नाही. गेली तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत. परंतु आज घेतलेला विषय वरवर पाहता वैद्यकाचा आहे. एखादे मूल अत्यवस्थ होऊन दवाखान्यात येते, त्याला तोलायला सवड नसते. अशा वेळी त्याच्या वयावरून त्याचे वजन किती धरावे, हा तो विषय. तो ऐकून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "तुम्ही डॉक्टर केव्हा झालात?" आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा आठवीत सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर. पण वजनाशी आमचा संबंध जुना आहे. ज्याची मजुरी टनावर ठरते त्याच्या लेखी काट्याचा आकडा हा भाकरीचा आकडा असतो. तो कोणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि कुणाच्या सोयीने लिहिला, हे विचारण्याची सवय आम्हांला फडावरच लागली. तीच सवय घेऊन आम्ही या विषयाकडे वळलो. आणि वळलो तेही आपणहून नव्हे.

एका रात्रीची गोष्ट

२००४ सालच्या पौषातली ही गोष्ट आहे. कारखान्याच्या माळावर टोळ्यांच्या कोप्या पडल्या होत्या. रात्री दहाच्या सुमारास एका कोपीतून बोलावणे आले. लहान मुलाला ताप चढून झटके येत होते. मुलाला आणि त्याच्या आईबापांना जीपमध्ये घालून आम्ही तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नेले. डॉक्टर तरुण होते, तत्पर होते. त्यांनी आल्याबरोबर दोन प्रश्न विचारले : वय किती? वजन किती?

वजन कुणालाच ठाऊक नव्हते. मुलांचा काटा नादुरुस्त होऊन कोपऱ्यात पडला होता. आणि तो धड असता तरी झटके देणाऱ्या मुलाला काट्यावर धरणे सोपे नव्हते. वय विचारल्यावर आई म्हणाली, "ह्याच्या जलमापासून ही तिसरी तोडणी हाय." आम्ही मध्ये तोंड घातले आणि डॉक्टरांना सांगितले, "तीन वर्षे." डॉक्टरांनी मनाशी हिशेब केला, "चौदा किलो" म्हणाले, आणि त्या मापाने झटके थांबवण्याचे औषध शिरेतून दिले.

झटके थांबले. परंतु थोड्याच वेळात मुलाचा श्वास मंदावू लागला. त्यानंतर दोन तास ते डॉक्टर मुलाच्या तोंडावर मुखवटा धरून रबरी फुग्याने श्वास देत बसले. ते उठले असते तर मूल गेले असते. पहाटे मूल रडले तेव्हा त्याची आईही प्रथमच रडली.

सकाळी आम्ही शेजारच्या भुसार दुकानातल्या काट्यावर बापाला मुलासकट उभे केले, मग एकट्याला उभे केले. फरक साडेनऊ किलो भरला. म्हणजे औषध जवळजवळ दीडपट गेले होते.

मग आईचे वाक्य आम्ही पुन्हा मनात आणले. मूल पहिल्या तोडणीत, माघात जन्मले. दुसरी तोडणी गेल्या वर्षीची आणि ही तिसरी. म्हणजे मुलाला दोन वर्षे पुरी व्हायला अजून महिना होता. आईने अगदी बरोबर सांगितले होते, ऐकणारा चुकला. ही चूक आमची होती आणि ती आम्ही डॉक्टरांपाशी तेव्हाच कबूल केली. पण त्यांनी जे उत्तर दिले ते आमच्या मनातून गेले नाही. ते म्हणाले, "दोन वर्षे सांगितली असती तरी मी बाराच किलो धरले असते."

बारा आणि साडेनऊ यांतली ही अडीच किलोंची तूट कुठून आली, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे. मुलाचा बाप मात्र वेगळेच बोलला. "औषिद वजनावर देतेत व्हय? आधी सांगितलं असतं तर काट्यावर उभं केलं असतं की!" त्याच्या फडातून निघालेली प्रत्येक गाडी तोलली जात होती, कारण ऊस विकला जातो. मूल विकायचे नसते, म्हणून त्याला कुणी तोलले नव्हते.

गिरणीच्या दारातले मोजमाप

मुलांना तोलण्यामोजण्याच्या इतिहासातला एक मोठा अध्याय दवाखान्यात नव्हे तर गिरणीच्या दारात लिहिला गेला. आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला हे पाहून प्रथम आश्चर्य वाटले, आणि मग वाटले की हे असेच असायला हवे होते.

इंग्लंडमध्ये १८३३ साली कारखान्यांचा कायदा झाला. कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावू नये आणि नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांकडून आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे त्यात ठरले. रेशमाच्या गिरण्यांना मात्र वयाच्या अटीतून सवलत मिळाली. कायदा झाला, पण मुलाचे वय कळावे कसे? इंग्लंडात जन्मांची सरकारी नोंद सुरू झाली ती १८३७ साली. तोपर्यंत नोंद होती ती चर्चच्या वह्यांतून, तीही अपुरी. पोटासाठी आईबाप वय वाढवून सांगत आणि मालक डोळे मिटून घेत. म्हणून कायद्याने डॉक्टरचा दाखला मागितला. या मुलाची ताकद आणि ठेवण नऊ वर्षांच्या सर्वसाधारण मुलासारखी आहे, असे डॉक्टरने लिहून द्यायचे. "सर्वसाधारण" म्हणजे काय, यावर पुढचा सगळा वाद उभा राहिला.

कारखाना निरीक्षक लिओनार्ड हॉर्नर यांनी उंचीचा आधार घ्यायचा प्रयत्न केला. ठराविक उंचीच्या खालच्या मुलाला दाखला द्यायचा नाही. एडविन साँडर्स या दंतवैद्यांनी १८३७ साली पार्लमेंटच्या सभासदांपुढे पुस्तिका ठेवली आणि सांगितले की, वयाचा खरा पुरावा उंची नव्हे, दात आहेत. गिरणीतल्या मुलांची चौकशी करणाऱ्या १८३३ सालच्या आयोगाच्या कामात कॉवेल नावाच्या अधिकाऱ्यांनी मँचेस्टर व स्टॉकपोर्ट येथील शेकडो मुलांची उंची मोजली आणि वजनेही घेतली. त्यांत गिरणीत जाणारी मुले होती आणि न जाणारीही होती.

या सगळ्या खटाटोपात प्रश्न असा होता की, शरीरावरून वय कसे ओळखावे. आज डॉक्टरांपुढे जो प्रश्न असतो त्याचेच हे उलटे रूप आहे. डॉक्टर वयावरून शरीर ओळखू पाहतात. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे : अमुक वयाचे मूल अमुक एवढेच असते.

त्याच सुमारास ब्रुसेल्समध्ये अॅडॉल्फ केतले हे गणिती याच समजुतीला शास्त्राचे रूप देत होते. जन्मलेल्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत निरनिराळ्या वयांच्या माणसांची वजने त्यांनी गोळा केली, १८३२ साली ती प्रसिद्ध केली आणि १८३५ सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथात "सरासरी माणूस" ही कल्पना मांडली. वयापुढे उंची आणि वजन लिहिलेले कोष्टक त्यांच्यामुळे लोकांच्या परिचयाचे झाले. सरासरी ही मोठी उपयोगी वस्तू आहे, हे आम्ही नाकारत नाही. आम्हीसुद्धा मजुरीच्या वाटाघाटीत सरासरी काढूनच बोलतो. परंतु टोळीची सरासरी मजुरी काढली म्हणून टोळीतल्या प्रत्येकाच्या ताटात तेवढी भाकरी पडते असे नाही.

हा इतिहास आपल्या मुंबईतही घडला. हिंदुस्थानात कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ साली झाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामाची बंदी आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा, एवढीच त्याची झेप होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे मागणीपत्र पुढे ठेवले. आठवड्याची सुट्टी ही त्यांतली ठळक मागणी होती. पुढे १८९१ साली कायदा सुधारला. मुलांच्या वयाची मर्यादा नऊ ते चौदा झाली आणि कामाचे तास सातांवर आले. इथेही गिरणीच्या दारात तोच प्रश्न उभा राहिला. जन्माचा दाखला नाही. तेव्हा सर्जनने मुलाकडे पाहायचे आणि वय लिहायचे. उपाशी मूल वयापेक्षा लहान दिसते. वाढ खुंटलेल्या मुलाचे वय कमी लिहिले गेले तर घरातली मजुरी जात असे आणि जास्त लिहिले गेले तर मूल मोठ्यांच्या पाळीला जुंपले जात असे. कसेही झाले तरी भोगायचे ते मुलानेच.

मुले सगळी सारखी नसतात, हे तोलणाऱ्यांच्याही लवकरच लक्षात आले. अमेरिकेत बोस्टन येथे हेन्री बॉडिच या प्राध्यापकांनी १८७७ साली शहरातल्या चोवीस हजारांहून अधिक शाळकरी मुलांच्या उंचीवजनाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी बापाच्या धंद्याप्रमाणे मुलांची विभागणी करून पाहिली, तेव्हा कष्टकऱ्यांची मुले इतरांपेक्षा ठेंगणी आणि हलकी भरली. इंग्लंडात चार्ल्स रॉबर्ट्स यांना त्याच दशकात असाच फरक दिसला. एकच शहर, एकच वय, आणि वजने दोन! कोष्टकात मात्र वयापुढे एकच आकडा छापता येतो. तो कोणता छापायचा, हे कोणी तरी ठरवतो.

औषधाचा हिस्सा

आता गिरणीतून दवाखान्यात येऊ. मुलाला औषध किती द्यावे, हा प्रश्न जुनाच. इंग्लंडचे थॉमस यंग, प्रकाश लहरींच्या रूपाने जातो हे प्रयोगाने दाखवणारे आणि इजिप्तच्या प्राचीन लिपीचा अभ्यास करणारे तेच यंग, पेशाने डॉक्टर होते. त्यांच्या १८१३ सालच्या वैद्यकीय ग्रंथापासून एक नियम चालत आला. मुलाच्या वयाला वय अधिक बारा याने भागा. जो हिस्सा येईल तेवढा मोठ्या माणसाच्या औषधाचा हिस्सा मुलाला द्या. चार वर्षांचे मूल असेल तर चार भागिले सोळा, म्हणजे चौथा हिस्सा. नियम सोपा, कागदाशिवाय होणारा. म्हणूनच तो शंभर-सव्वाशे वर्षे टिकला.

दुसरा एक नियम क्लार्कच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात वय नाही. मुलाचे वजन पौंडांत घ्यायचे आणि १५० ने भागायचे, कारण मोठ्या माणसाचे वजन १५० पौंड धरले आहे. या दोन नियमांतला फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन मुले आहेत, दोन्ही चार वर्षांची. एक खाऊनपिऊन सुखी घरातले, ३६ पौंडांचे. दुसरे कोपीतले, २५ पौंडांचे. यंगच्या नियमाने दोघांनाही चौथा हिस्सा. क्लार्कच्या नियमाने पहिल्याला जवळजवळ चौथाच हिस्सा, पण दुसऱ्याला सहावा. म्हणजे वयाचा नियम सुखी मुलापुरता बरोबर आहे आणि उपाशी मुलाला तो दीडपट औषध देतो. आमच्या त्या रात्री जे घडले ते या दोन ओळींच्या हिशेबात आधीच लिहिलेले होते.

विसाव्या शतकात औषधे अधिक जालीम झाली आणि दर किलोला अमुक मिलिग्रॅम अशी मापे रूढ झाली. हृदय थांबलेल्या मुलाला द्यायचे अॅड्रिनॅलिन, झटक्यावरचे औषध, शिरेतून द्यायचे पाणी, इतकेच काय, हृदयाला द्यायचा विजेचा धक्कासुद्धा किलोवर ठरतो. मात्रा कमी पडली तर झटके थांबत नाहीत; जास्त झाली तर श्वास थांबतो. शिरेतल्या सलाइनविषयी "जरा जास्त गेले तरी काय बिघडले" असे पुष्कळांना वाटते. २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानिया येथील तीन हजारांहून अधिक आजारी मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ताप आणि मंद रक्ताभिसरण असलेल्या त्या मुलांपैकी ज्यांना झपाट्याने जास्त सलाइन दिले त्यांत मृत्यू अधिक झाले. तेव्हा मापाला महत्त्व आहे. आणि माप हवे तर वजन हवे.

चार मिळवा, दोनाने गुणा

वजन हवे आणि वेळ नाही, या कोंडीतून वयाची सूत्रे जन्मली. अमेरिकेतल्या सिनसिनाटीचे बालरोगतज्ज्ञ अॅश्ली वीच यांनी १९५४ साली मुलांच्या वाढीच्या काही सोप्या खुणा लिहिल्या. एक ते सहा वर्षांच्या मुलासाठी वयाची दुप्पट करा आणि आठ मिळवा, की किलोंत वजन येते, हे त्यांचे सूत्र आपल्याकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आजही पाठ असते. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये अत्यवस्थ मुलांना वाचवण्याचे शिक्षण देणारे अभ्यासवर्ग सुरू झाले, तेव्हा त्यांनी शिकवलेले सूत्र असे होते : वयात चार मिळवा आणि दोनाने गुणा. श्रोत्यांपैकी गणिताच्या शिक्षकांनी ओळखलेच असेल की ही दोन सूत्रे एकच आहेत. दोन वर्षांना बारा किलो, तीन वर्षांना चौदा, पाच वर्षांना अठरा. आमच्या डॉक्टरांनी मनाशी केलेला हिशेब हाच.

या सूत्रावर आम्ही राग धरत नाही. धावपळीत, हात थरथरत असताना, ज्याला तीन सेकंदांत आकडा हवा आहे त्याला हे सूत्र म्हणजे अंधारातली काठी आहे. पण काठी कुणाच्या उंचीची आहे, हे पाहिले पाहिजे.

सूत्राची परीक्षा खुद्द ब्रिटनमध्येच झाली. शेफील्डच्या मुलांच्या रुग्णालयातील नोंदींवरून ल्युस्कोम आणि ओवेन्स यांनी २००७ साली दाखवले की, वयात चार मिळवून दोनाने गुणले तर तिथल्या मुलांचे वजन जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी येते. ब्रिटिश मुले पूर्वीपेक्षा जड झाली होती. त्यांनी नवे सूत्र सुचवले : वयाची तिप्पट करा आणि सात मिळवा. पाच वर्षांचे मूल जुन्या सूत्राने अठरा किलो, नव्याने बावीस. २०११ साली त्या अभ्यासवर्गांनी मोठ्या मुलांसाठी हे सूत्र स्वीकारले आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जुनेच ठेवले. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी आपली मुले तोलून आपली वेगळी सूत्रे केली. मुले बदलली तेव्हा सूत्र बदलले, ही गोष्ट योग्यच झाली. प्रश्न एवढाच की, मुले तोलली तेव्हाच ती बदलल्याचे कळले. ज्यांना कुणी तोलत नाही त्यांच्यासाठी सूत्र बदलणार कोण?

आता आपल्याकडे या. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली मुलांच्या वाढीची नवी प्रमाणे प्रसिद्ध केली. त्याआधी कित्येक वर्षे जगभर, आपल्याकडेसुद्धा, बोस्टनच्या मुलांवरून केलेल्या कोष्टकाशी मुलांची तुलना होत असे. नव्या प्रमाणांसाठी सहा ठिकाणची मुले तोलली : ब्राझीलमधील पेलोतास, घानातील अक्रा, नॉर्वेतील ऑस्लो, ओमानमधील मस्कत, अमेरिकेतील डेव्हिस आणि आपली दिल्ली. निवडली ती अशी मुले, ज्यांना आईचे दूध, पुरेसे अन्न, स्वच्छ घर आणि औषधपाणी मिळत होते. लहानपणच्या वर्षांत या सहाही ठिकाणची मुले जवळपास सारखीच वाढली. दिल्लीचे पोटभर जेवलेले मूल ऑस्लोच्या मुलाच्या बरोबरीने वाढते, हे त्यातून सिद्ध झाले. "आपली माणसे मुळातच लहानखोर" असे म्हणून हात झटकण्याची सोय त्या दिवसापासून उरली नाही.

या प्रमाणांप्रमाणे दोन वर्षांच्या मुलग्याचे मधले वजन १२.२ किलो आहे, पाच वर्षांच्या मुलग्याचे १८.३ किलो. म्हणजे वीच यांचे सूत्र पोटभर जेवलेल्या मुलाला बरोबर लागू पडते. पण २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची दर १०० मुलांपैकी ३६ मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. कमी वजनाचे म्हणजे, दोन वर्षांच्या मुलग्याच्या बाबतीत, ९.७ किलोंच्या खालचे. त्या रात्रीचे मूल साडेनऊ किलोंचे होते. ते काही विरळा मूल नव्हते. त्या ३६ मुलांपैकी एक होते.

अडीच किलोंची तूट कुठून आली, याचे उत्तर हे आहे. सूत्र ज्या मुलाचे होते ते मूल दवाखान्यात आले नव्हते. दवाखान्यात आले ते दुसरेच. आणि औषध मात्र पहिल्याच्या मापाने गेले.

रंगीत फीत

वय सोडून लांबीवरून वजन काढावे, हा विचार अमेरिकेत जेम्स ब्रोझलो या डॉक्टरांनी पुढे नेला. तातडीच्या विभागात काम करताना मुलांच्या औषधांचा हिशेब करण्यात होणारा गोंधळ त्यांनी पाहिला होता. रॉबर्ट ल्यूटन या डॉक्टरांच्या साहाय्याने १९८० च्या दशकात त्यांनी एक फीत तयार केली. मुलाला आडवे निजवायचे, फितीचे तांबडे टोक डोक्याशी धरायचे आणि टाच कुठे येते ते पाहायचे. तिथे जो रंग येईल, करडा, गुलाबी, जांभळा, पिवळा, पांढरा, निळा, त्या रंगाच्या रकान्यात वजन आणि औषधांची मापे छापलेलीच असतात. हिशेब नाही, गुणाकार नाही. तिची परीक्षा करणारा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलाचे वय सांगायला कोणीच बरोबर नाही, त्यालाही ही फीत चालते. आमच्यासारखा मध्येच तोंड घालणारा माणूसही तिच्यापुढे निरुपद्रवी ठरतो.

पण फीतही अमेरिकन मुलांवर बेतलेली होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ती भारतीय मुलांना लावून पाहिली. अगदी लहान मुलांत ती ठीक चालली. परंतु दहा किलोंच्या वरच्या मुलांचे वजन ती दहा टक्क्यांहून अधिक फुगवून सांगते असे आढळले. कारण उघड आहे. लांबी हाडांची असते. हाडांवर मांस किती हे लांबीला कळत नाही. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी लांबीच्या जोडीला मुलाची अंगकाठी पाहण्याची सोय असलेली फीत केली, आणि अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे दंडाची लांबी व दंडाचा घेर या दोन मापांवरून वजन काढण्याची पद्धत २०१२ साली पुढे आली. दंडाचा घेर ही उपासमारीची जुनी साक्ष आहे. नायजेरियातल्या यादवी युद्धात, १९६८-६९ च्या सुमारास, उपाशी मुले निवडण्यासाठी मदत करणाऱ्यांनी दंडाचा घेर आणि उंची यांची सांगड घालणारी एक काठी वापरली होती. आज आपल्या अंगणवाडीतही दंडाची पट्टी असते. मुलाला पाहून, स्पर्श करून मग आकडा ठरवणे, इकडे हे शास्त्र हळूहळू वळले आहे. नुसते वय विचारून ठरवण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे.

आईचा आकडा

एवढा प्रवास करून शास्त्र जिथे पोचले ते ठिकाण ऐकून तुम्हांस कदाचित हसू येईल. अनेक देशांतल्या अभ्यासांतून असे दिसून आले आहे की, मुलाचे वजन सांगण्यात वयाच्या सूत्रापेक्षा आईबापांचा अंदाज बहुधा अधिक अचूक असतो. लांबीची फीत आणि आईबाप, हे दोघे सूत्राच्या पुढे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जुलाबात क्षारसंजीवनी किती द्यावी हे सांगणाऱ्या तक्त्यातही स्पष्ट सूचना आहे की, वजन ठाऊक नसेल तरच वयाचा आधार घ्या. ठाऊक असेल तर किलोंना ७५ ने गुणा आणि तेवढे मिलिलिटर पाणी पाजा. म्हणजे वय हा शेवटचा आधार आहे, पहिला नव्हे.

परंतु आईचा अंदाज अचूक केव्हा असतो? मूल वेळोवेळी तोलले गेलेले असते, आणि तो आकडा आईला कुणी सांगितलेला असतो, तेव्हा. ज्या देशांत हे अभ्यास प्रामुख्याने झाले तिथे मूल तोलले जाते. आपल्याकडे एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडीत मुलांची वजने घेण्याची पद्धत पडली. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती चालवणाऱ्या सेविकांना आम्ही मानतो. पण आमच्या लोकांचे कसे आहे? दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सुटते ते उन्हाळा लागेपर्यंत. नाव गावच्या अंगणवाडीत, मूल दोन-तीनशे मैलांवर फडात. वजनाची वही गावात राहते आणि आजार फडात येतो. शिवाय वही असते तिथेही आकडा बहुधा वरच्या कार्यालयाकडे जातो. आईच्या कानावर तो घातला जातोच असे नाही. गिरणीच्या दारातल्या त्या मोजमापासारखेच हे. आकडा मुलाचा, पण लिहिला जातो तो दुसऱ्याच कुणाच्या हिशेबासाठी.

त्या रात्रीनंतर आमच्या कार्यकर्त्यांनी एक साधी गोष्ट सुरू केली. हंगामाच्या आरंभी टोळी येऊन उतरली की स्प्रिंगचा टांगता काटा घेऊन कोप्यांवर जायचे, पाच वर्षांखालचे प्रत्येक मूल झोळीत घालून तोलायचे आणि आकडा तीन ठिकाणी लिहायचा : आईच्या कार्डावर, टोळीच्या वहीत आणि कोपीच्या कुडाला लावलेल्या पुठ्ठ्यावर. महिन्यानंतर पुन्हा. आणि आईकडून तो आकडा तोंडाने म्हणवून घ्यायचा. पहिल्या वर्षी बायका हसल्या. ज्या बाईला टनाचा हिशेब मुकादमापेक्षा पक्का येतो तिला पोराचे किलो पाठ करायला कितीसा वेळ लागणार? पुढच्या हंगामात "माझं सव्वादहा" असे एक बाई दुरूनच ओरडून सांगू लागली. सगळ्या टोळ्यांपर्यंत आम्ही पोचलो असे नाही. कार्यकर्ते थोडे, काटे त्याहून थोडे.

म्हणून आमची मागणी साधी आहे आणि ती या सभागृहातल्या प्रत्येकाकडे आहे, केवळ सरकारकडे नाही. जिथे जिथे उसाचा, धान्याचा किंवा विटांचा काटा आहे, तिथे मुलांचा एक काटा असावा. दवाखान्यातला काटा बिघडला तर तो औषध संपल्याइतकाच गंभीर प्रकार मानावा. आणि ज्यांची मुले सुखरूप घरी आहेत अशा तुम्ही सर्वांनी आज घरी गेल्यावर आपल्या मुलाचे, नातवाचे वजन घेऊन दाराच्या आत लिहून ठेवावे. डॉक्टरांनी विचारले तर वर्षे सांगू नका, किलो सांगा. वर्षे सांगून आम्ही एकदा चुकलो आहोत.

त्या मुलाविषयी सभेत हमखास विचारले जाते, म्हणून सांगतो. तो आता विशीत आहे. बापाचा कोयता त्याने घेतला नाही. तो ट्रॅक्टर चालवतो. गेल्या हंगामात काट्यावर गाडी लावून उतरला तेव्हा आम्ही त्याला सहज विचारले, "वजन किती?" त्याने उसाच्या गाडीचे सांगितले. मग आमच्या चेहऱ्याकडे पाहून त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने आपल्या आठ महिन्यांच्या मुलीचे सांगितले : सात किलो आठशे ग्रॅम.